साइड मिरर घरीच बदलायचा आहे : दाराचा पॅड उघडावा लागतो का?

पांदणवाला
राम राम मंडळी. छोटी हॅचबॅक आहे, आरसीवर २०१८. समोरून येणारी कपाशीची ट्रॉली उजव्या आरशाला घासून गेली. आरसा मागं दुमडला, काच फुटली, मागच्या कव्हरला ओरखडे. आरसा आतून दांडीनं फिरतो, मोटर नाही. दाराची काचही हँडल फिरवूनच खालीवर होते. तालुक्याला दुकानदार म्हणतो, काच सुटी मिळत नाही, अख्खा मिरर घ्या. तीन प्रश्न : नुसत्या काचेवर भागेल का? अख्खा बदलायचा तर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढावा लागतो का? घरच्या पान्यांनी जमेल का?

वऱ्हाडी_पाना
विकत घ्यायच्या आधी नेमकं काय मोडलं ते पाहा. साइड मिररमध्ये चार वेगळ्या गोष्टी असतात : काच (मागच्या प्लास्टिकच्या प्लेटसकट), त्या प्लेटला धरणारा मधला गोळा किंवा मोटर, बाहेरचं कव्हर, अन् दाराला बसणारा पाय. पायात दुमडायची स्प्रिंग अन् दात असतात. धक्का लागल्यावर आरसा मागं दुमडतो तो मोडायला नको म्हणूनच. बऱ्याचदा दात नुसते जागेवरून सरकलेले असतात आणि लोक नवा मिरर घेऊन येतात.

आरसा हातानं पूर्ण मागं दुमडा, मग पूर्ण पुढं ओढा, मग मधे आणा. मधे येताना घट्ट 'टक' असा आवाज होऊन तो तिथंच अडला पाहिजे. अडला म्हणजे पाय शाबूत आहे. मधे येऊनही लोंबकळतो, खालीवर हलतो, तर स्प्रिंगचा खांब किंवा पायाचं प्लास्टिक गेलं. त्याला इलाज नाही, असेंब्लीच (अख्खा मिरर) घ्या.

पाय शाबूत असेल तर आतली दांडी हलवून पाहा. काचेची उरलेली प्लेट चारही बाजूंना फिरली तर तिच्या तिन्ही तारा ठीक आहेत. मग फक्त काच.

कास्तकार_७९
काऊन एवढा खर्च कराले भाऊ? गावात फोटोफ्रेमवाला असते ना, त्याच्याकडून आरसा कापून आना. जुनी काच कागदावर ठेवा, पेनानं आखा, कागद त्याले द्या. डबल टेपनं चिकटवा. अर्ध्या घंट्याचं काम.

सातपुडा_फाटा
कास्तकार भाऊ, काच बसेल, पण दिसेल काय ते पाहा. गाडीचा बाजूचा आरसा बहुतेक बहिर्गोल असतो, फोटोफ्रेमवाल्याचा सपाट. तपासायला फुटलेल्या काचेचा मोठा तुकडा घ्या, त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टी मधे टेकली अन् दोन्ही टोकांना फट दिसली, तर काच बहिर्गोल. या आरशांसाठी नियमात वक्रतेची किमान त्रिज्या १२०० मिमी असते, म्हणजे फुगवटा डोळ्यांनी जाणवत नाही इतका कमी. तेवढ्यानंही बाजूचा किती रस्ता दिसतो यात मोठा फरक पडतो. सपाट काचेत मागची बस मोठी आणि स्वच्छ दिसते म्हणून लोक खूश होतात, पण दाराजवळ आलेली मोटरसायकल त्या काचेत येतच नाही.

दुसरं, ड्रेसिंग टेबलाचा आरसा ४ मिमीचा असतो, गाडीचा साधारण २ मिमीचा. जड काच प्लेटवर बसवली की खडीच्या रस्त्यावर थरथरते, अन् मोटरचा मिरर असेल तर मोटरवर ताण येतो.

सुटी काच प्लेटसकट मिळते. तालुक्याच्या दुकानदाराकडं नसेल तर अमरावती किंवा नागपूरला विचारा. मागताना गाडीचं नाव, वर्ष, मॉडेलचा प्रकार आणि 'आरएच' म्हणजे उजवी, 'एलएच' म्हणजे डावी, असं सांगा. डावं-उजवं हे सीटवर बसलेल्या माणसाचं. बोनेटसमोर उभं राहून सांगितलं की हमखास उलटी काच येते.

पांदणवाला
टक आवाज येत नाही. मधे आणला की दीड-दोन इंच खालीवर डुगडुगतो. दारापाशी पायाला केसासारखी भेगही दिसते. दांडी फिरवली तर प्लेट फक्त वर-खाली होते, आडवी नाही.

वऱ्हाडी_पाना
म्हणजे पायही गेला अन् एक तारही तुटली. असेंब्लीच. भेगेवर एम-सील लावून काही दिवस ढकलता येतं, पण पाय हा सतत हादरे खाणारा भाग. एम-सील शेजारच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं, मग भेग त्याच्या कडेनं पुढं सरकते. आणि फेविक्विक तिथं लावूच नका. ते हादऱ्यानं तडकतं, त्याची पांढरी वाफ आसपासच्या काळ्या प्लास्टिकवर अन् काचेवर बसते.

हिशेबी
विम्याचं कुणी सुचवायच्या आत लिहितो. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात. काचेवर घसारा नाही, पण मिररची बहुतेक किंमत प्लास्टिकच्या असेंब्लीची. त्यात १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला १००० रुपये सक्तीची कपात. शिवाय नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) जातो : एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ अन् पाच वर्षांनी ५० टक्के. दांडीच्या साध्या मिररसाठी क्लेम केला तर पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त जाईल. कॅमेरा, इंडिकेटर, मोटर असं सगळं असलेला महागडा मिरर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आकडे मांडून ठरवा.

सातपुडा_फाटा
विकत घेताना एक भानगड सांभाळा. नवं मॉडेल वर्षाच्या मधातच येते. उदाहरण वॅगनआरचं : नवी पिढी २०१९ च्या जानेवारीत आली. २०१८ च्या शेवटी तयार झालेली जुन्या घाटाची गाडी २०१९ मध्ये पासिंग झालेली असू शकते. 'माझी २०१९ ची' म्हणून सांगितलं की दुकानदार नव्या पिढीचा मिरर काढून देतो. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. त्याहून बरं म्हणजे दुकानदाराला चेसिस नंबरच द्या.

डबा दुकानातच उघडून तीन गोष्टी ताडून पाहा : पायाच्या तीन बोल्टांचा त्रिकोण, आतल्या दांडीची लांबी, अन् पायाखालचं फोमचं किंवा रबराचं गॅस्केट सोबत आहे का. शक्य असेल तर जुना मिरर घेऊनच जा. कव्हर रंगाचं असेल तर नव्यासोबत बिनरंगी काळं येते. जुनं कव्हर फुटलं नसेल तर तेच काढून नव्यावर चढवा, रंगाऱ्याचा खर्च वाचतो.

वऱ्हाडी_पाना
आता काम. वेळ : पहिल्यांदा करणाऱ्याला दीड-दोन तास. सामान : १० नंबरचा सॉकेट छोट्या एक्स्टेंशनसह, मोठा अन् लहान स्टार पेचकस, प्लास्टिकची पट्टी (ट्रिम टूल नसेल तर जुनं एटीएम कार्ड, किंवा स्टीलच्या चमच्याची दांडी फडक्यात गुंडाळून), चिकटपट्टी, दोन जुनी फडकी, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे. पॅड दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपा पाच-सहा जास्तीच्या आणून ठेवा. जुन्यांपैकी दोन-तीन तुटणारच.

हवा पाहून काम करा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी क्लिपा कडक होतात आणि चटकन मोडतात. अशा दिवसांत गाडी अर्धा तास उन्हात, उजवी बाजू सूर्याकडं करून लावा, मग हात घाला. मे महिन्यात उलटं. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नाही, आणि पॅडमागची काळी डिंकासारखी पट्टी वितळून तिच्या चिकट तारा सुटतात, सगळीकडं लागते. तेव्हा सकाळी सात-आठला काम उरका.

फुटलेल्या काचेवर आधी चिकटपट्टी आडवी-उभी मारून घ्या. नाहीतर ओढताना तुकडे दाराच्या खाचेत पडतात, ते पुढं काचेच्या रबराला कापत राहतात. आरशाखालच्या पत्र्यावरही फडकं चिकटपट्टीनं लावा. मिरर निसटला तर पहिला ओरखडा तिथंच पडतो.

दाराची काच पूर्ण वर. चावी काढा.

दाराच्या आतून, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात तिकोनी प्लास्टिक असते, दांडी त्यातूनच बाहेर येते. आधी दांडीवरची रबरी टोपी ओढून काढा. काही गाड्यांत दांडीच्या मुठीला बारीक स्क्रू असतो, तो पाहून घ्या. मग तिकोन मागच्या कडेकडून पट्टी घालून उचला. तो सरळ हातात आला अन् तिन्ही बोल्ट दिसले, तर पॅड काढायची गरजच नाही. पण बऱ्याच गाड्यांत तिकोनाचा खालचा पाय पॅडच्या कडेखाली दबलेला असतो. तो जोरानं ओढला की पाय मोडतो. तेव्हा पॅड निदान वरच्या पुढच्या कोपऱ्यापुरता सैल करावाच लागतो.

पॅड असा काढा. आतल्या हँडलच्या वाटीत एक स्क्रू (छोट्या टोपीखाली), दार ओढायच्या खाचेत एक-दोन, कधी पुढच्या कडेला एक. सगळे काढून एका वाटीत ठेवा, लांबी वेगळी असेल तर कुठला कुठं ते कागदावर लिहा. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आत टोक घुसते.

काच फिरवायचं हँडल : त्याच्या मागं घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असते. हँडल आणि गोल चकती यांच्या फटीत फडक्याची अरुंद पट्टी सरकवा, दोन्ही टोकं हातात धरून बूट पुसल्यासारखी आळीपाळीनं ओढा. क्लिप उडून येते, म्हणून समोर डोळे नकोत अन् खाली चादर अंथरलेली बरी. काच वर असताना हँडल कोणत्या दिशेला होतं ते लक्षात ठेवा. बसवताना क्लिप आधी हँडलमध्ये घाला, मग हँडल दांड्यावर दाबा, आपोआप बसते.

मग पॅडच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी घालून क्लिपेच्या अगदी शेजारी उचला. क्लिप दिसत नसेल तर हातानं चाचपत जा, साधारण वीतभर अंतरावर एकेक असते. खालची अन् दोन्ही बाजूंची सुटली की पॅड वर उचला. वरची कड काचेच्या खाचेत अडकलेली असते, ती बाहेर ओढली तर तडकते. पॅड लगेच दूर नेऊ नका, मागं हँडलची केबल अन् स्पीकरच्या वायरी असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं : बोल्टांखाली दाराच्या पोकळीचं तोंड उघडं दिसेल. त्यात फडकं कोंबा. हातातून निसटलेला बोल्ट दाराच्या तळात जातो, मग सुतळीला लोहचुंबक बांधून मासेमारी.

तीन बोल्ट किंवा नट, बहुतेक १० नंबर. काही गाड्यांत मोठे स्टार स्क्रू. खालचे दोन आधी, वरचा शेवटी. शेवटचा सोडताना बाहेरून मिररला दुसऱ्या माणसानं हात द्यावा. मिरर बाहेर ओढताना दांडी तिकोनी भोकातून तिरपी काढा.

नवा घालताना आधी दारावरची जागा ओल्या फडक्यानं पुसा. गॅस्केट दुमडलेलं नको. कुठं दुमडलं की ६० च्या वर शिट्टी वाजते. बोल्ट तिन्ही आधी बोटांनी चार-पाच आटे लावा, मग थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. लांब रॅचेटनं जोर लावायचा नाही. बोल्ट ६ मिमीचे असतात (१० नंबर हे डोक्याचं माप), मागचा नट पातळ पत्र्याला वेल्ड केलेला असतो. सॉकेट पेचकसाच्या मुठीला लावून मनगटाच्या जोरानं घट्ट, बस्स. वेल्ड सुटला की नट आत फिरत राहतो, मग बोल्ट ना आवळतो ना निघतो.

पॅड लावायच्या आत दांडी चारही बाजूंना फिरवून पाहा, आरसा दोनदा दुमडा. ठीक असेल तरच क्लिपा दाबा.

झाडीपट्टी
मोटरचा मिरर असणाऱ्यांसाठी पुरवणी.

बॅटरीची निगेटिव्ह काढा (तीही बहुतेक १० नंबरनं), मग दहा मिनिटं थांबा. ज्या गाडीत सीटला किंवा दारापाशी एअरबॅगचं काही आहे, तिथं हे वगळू नका.

वायरींचा हिशेब असा : आरसा फिरवायला तीन वायरी, एक दोन्ही मोटरांना सामाईक, एक वर-खाली, एक डावं-उजवं. आपोआप दुमडणारा असेल तर दोन जास्त. इंडिकेटरच्या दोन, काच गरम करायच्या दोन. म्हणून विकत घेताना कपलरच्या (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडाच्या) पिनांची नाही, प्रत्यक्ष भरलेल्या वायरींची संख्या जुळवा. कपलर सारखाच असतो, अर्ध्या खाचा रिकाम्या असतात.

कपलर काढताना वायर ओढायची नाही. एका बाजूला जीभ असते, ती अंगठ्यानं दाबून कपलर खेचा. धुळीनं जीभ जाम असते, आधी फुंकर किंवा ब्रश मारा.

नवा मिरर हलत नसेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, चावी ऑन करा, कपलरमधल्या सामाईक आणि एका दिशेच्या वायरीत टोकं लावा. स्विच दाबल्यावर १२ च्या आसपास यायला हवं, उलटी दिशा दाबली की उणे १२. आलं तर गाडीकडून पुरवठा ठीक आहे, दोष मिररमध्ये. काहीच नाही आलं तर फ्यूज पाहा, त्याची जागा गाडीच्या पुस्तकात असते. डावा-उजवा निवडायचं बटण मधे राहिलं असलं तरी काहीच येत नाही, आधी तेच पाहा.

दुमडायची मोटर हातानं ढकलली गेली असेल तर स्विच दाबल्यावर 'कट कट' वाजते अन् आरसा ढिला राहतो. ते मोडणं नव्हे. दोन-तीनदा स्विचनंच उघड-मीट करा, दात परत बसतात.

आरशाखाली कॅमेरा असेल अन् गाडी चारही बाजूंचं चित्र दाखवत असेल, तर घरी करू नका. मिरर बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी बहुतेक वर्कशॉपच्या यंत्राशिवाय होत नाही.

मोर्शीवाला_संत्रा
माझ्या गाडीत पाय चांगला, फक्त काच गेली. प्लेटसकट काच आणली. कशी बसवायची?

सातपुडा_फाटा
जुन्या प्लेटची आतली कड (दाराकडची) आत दाबा, म्हणजे बाहेरची कड वर येते. त्या फटीत प्लास्टिकची पट्टी घालून मध्याकडं सरकवत उचला. मधल्या गोळ्याभोवतीच्या क्लिपा एकेक सुटतात, आवाज मोडल्यासारखा येतो, घाबरू नका. गरम होणारी काच असेल तर मागं दोन वायरी आहेत, झटका देऊ नका.

नवी बसवताना मोटर किंवा गोळा मधोमध सरळ ठेवा. प्लेटचं केंद्र त्यावर आणून, काचेवर फडकं ठेवून तळव्यानं बरोब्बर मधेच दाबा. 'टक' येईपर्यंत. कडेला दाबलं की नवी काचही तिथंच जाईल.

काही मिररमध्ये काच प्लेटला चिकटवलेली असते, नुसती काच मिळते. जुनी काढायला हेअर ड्रायरनं गरम करा. प्लेट पेट्रोलनं नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोलचा तेलकट थर राहतो, टेप धरत नाही. फोमचा चांगला दुतर्फी टेप पूर्ण पाठीवर लावा, फक्त चार कोपऱ्यांवर नाही. २४ तास गाडी उन्हात अन् खडीवर नेऊ नका, पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं साधं सिलिकॉन आरशाच्या पाठीचा चांदीचा मुलामा खातं, काही महिन्यांत कडेनं काळे डाग चढतात.

बेंबळाकाठ
पॅड काढलाच आहे तर आतला प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवा. लोक तो फाडून फेकतात अन् पावसाळ्यात पायाखालची चटई ओली झाली की मिररच्या गॅस्केटला शिव्या देतात. काचेच्या खाचेतून दारात पाणी जातंच, तशी रचनाच आहे. ते तळाच्या भोकांतून निघतं. कागद नसेल तर ते पॅडमागून आत उतरतं.

आपल्याकडं ती तळाची भोकं काळ्या मातीनं बुजतात. पाऊस उघडला की चिकण माती वाळून सिमेंटसारखी होते. दाराच्या खालच्या कडेला तीन-चार भोकं असतात, झाडूच्या काडीनं किंवा केबल टायनं मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी सोडून पाहा. खिळा वापरू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज.

कास्तकार_७९
सपाट काचेचं मानलं. आता सांगा, वानर आरशात पाहून थापडा मारते, चिमण्या चोच मारतात, त्याले काय?

झाडीपट्टी
स्वतःलाच दुसरा वानर समजते ते. गाडी उभी करताना आरसे दुमडा, अन् जाड सुती पिशवी वरून चढवून नाडी बांधा. काळी प्लास्टिकची पिशवी नको, एप्रिलात तिच्या आत कव्हर अन् टेप दोन्ही तापतात.

पांदणवाला
बसला. टक आवाज येतो, चारही बाजूंना फिरते. तिकोनाचा खालचा पाय पॅडखालीच होता, पॅड काढावाच लागला. वाटीत एक क्लिप उरली आहे. तशीच सोडली तर चालेल?

वऱ्हाडी_पाना
नाही चालत. तेवढ्याच जागी पॅड पत्र्यावर वाजतो, अन् शेजारच्या क्लिपेवर भार येऊन तीही सैल होते. दार बंद करून पॅडच्या कडेनं तळव्यानं दाबत जा. जिथं बोटभर आत जाते अन् परत वर येते, तिथली ती. हँडल फिरवायच्या बाजूचा खालचा कोपरा आधी पाहा, बसवताना तिथला पॅड आपल्याच पायाच्या धक्क्यानं वर उचलला जातो. क्लिपेचा गळा वाकला असेल तर तीच घालू नका, जास्तीच्या आणल्यात त्यातली नवी लावा.